आजी, नायलॉनची दोरी आणि १९७६ चं पुणं

सायली_कर्वेनगर
गॅलरीतली वलणी तुटली म्हणून परवा ऑनलाइन नवी दोरी मागवली. हिरवी नायलॉनची, वीस मीटर. आजीने पाकीट उघडून पाहिलं आणि दोरी टेबलावर ठेवून ती सरळ आत निघून गेली. मला वाटलं रंग आवडला नसेल. संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, तिला नायलॉनची दोरी चालत नाही घरात. जोशी-अभ्यंकर खूनसत्र."

म्हणजे मला प्रकरण ठाऊक होतं. पुण्यात वाढलेल्या कुणाला नसतं? पण माझ्यासाठी ती एक गोष्ट होती, कुणीतरी ट्रेकला रात्री सांगायची. आजी १९७६ मध्ये पंचविशीची, नवीन लग्न झालेली, प्रभात रोडच्या एका गल्लीत राहायची. जवळपास पन्नास वर्षं झाली, तरी आजही दार उघडण्याआधी तीनदा "कोण?" विचारते आणि उत्तर आलं तरी साखळी काढत नाही. कुरियरवाले वैतागतात.

तर प्रश्न दोन. एक, खरंच एवढी भीती होती का, की नंतर आठवणी फुगल्या? दोन, दहा माणसं गेली म्हणतात, मग प्रकरणाला नावं दोनच का?

आणि हो, नायलॉन सोडून कपडे वाळत घालायला चांगली दोरी कुठे मिळते?

पेठकर_जुना
आठवणी फुगलेल्या नाहीत. मी सतरा वर्षांचा होतो, विजयानगर कॉलनीपासून चालत पाच मिनिटांवर आमचा वाडा. ३१ ऑक्टोबर १९७६. दिवाळी नुकतीच झालेली, घरात शेवटचे अनारसे उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने बातमी आणली, की जोश्यांच्या घरी नवरा, बायको आणि मुलगा असे तिघंही गेले. नायलॉनच्या दोरीने गळे आवळून.

तोपर्यंत आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री दहाला लोटायचे. कडी लावायचं काम कुणाचं, यावरून भाडेकरूंची भांडणं व्हायची, कारण कुणालाच करायचं नसायचं. त्या दिवसापासून सात वाजता कडी, आणि लावायला चार जण हजर.

महिन्याभरात १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. मग मात्र शहर गपगार झालं. रात्रीचे शेवटचे शो रिकामे. लोहारांची आणि ग्रिलवाल्यांची चंगळ. आज डेक्कन भागातल्या जुन्या बंगल्यांना जे जाड गज दिसतात ना, त्यातले बरेच त्या हिवाळ्यातले.

मिसळखाऊ
पुण्यात दुपारी एक ते चारमध्ये बेल वाजवायची हिंमत करणारा माणूस संशयितच धरायला हवा होता.

फुलराणी_६९
मिसळखाऊ, इथे नको. माझा विनोदाला विरोध नाही, पण पाच जणांच्या पुढच्याच ओळीत नको.

मिसळखाऊ
बरोबर आहे ताई. मागे घेतो.

निनाद_परदेशस्थ
तेव्हा आणीबाणी होती ना? मग पेपरात छापून तरी येत होतं का? मला वाटतं सेन्सॉरमुळे सगळं दाबलं गेलं आणि म्हणूनच अफवा वाढल्या. शिवाय माझ्या माहितीनुसार पोलीस कुत्र्यांमुळे ते सापडले आणि १९८४ ला फाशी झाली.

पेठकर_जुना
निनाद, एका प्रतिसादात तीन चुका. छापून येत होतं, आम्ही दुकानाच्या फळीवर उभं राहून वाचायचो. अफवा वाढल्या हे खरं, पण त्या सेन्सॉर नसता तरी वाढल्याच असत्या. आमच्या वाड्यात तर खुनी एकच आहे, तो बाईच्या वेषात येतो, तो मांत्रिक आहे, असं रोज नवं काहीतरी. कॉलेजची चार मुलं असतील हे कुणाच्याही डोक्यात नव्हतं. सापडले कसे ते खाली लिहितो. आणि फाशी १९८३ ला, २७ नोव्हेंबरला, येरवड्यात. तारीख मला पक्की आठवते, मामेभावाचं लग्न होतं आणि मांडवात दुसरा विषय नव्हता.

वक्रतुंड
पेठकरकाका, मला एक कळत नाही. चौघंही टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. कमर्शिअल आर्ट. म्हणजे पोस्टर, लेटरिंग करणारी मुलं. जक्कल, सुतार, जगताप, शहा. त्या वयात आपण गॅदरिंगच्या वर्गणीत फार तर पन्नास रुपये खातो. ही मुलं तिथवर गेली कशी?

पेठकर_जुना
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. क्रम मात्र सांगतो, कारण लोक तो उलटा लावतात. सगळे जोश्यांपासून सुरू करतात. सुरुवात त्याआधी साडेनऊ महिने झाली होती.

जानेवारी १९७६. त्यांचाच वर्गमित्र, हेगडे. त्याच्या वडिलांचं कॉलेजमागे हॉटेल होतं, विश्व. मुलं तिथे चहा प्यायची. बाप पैसेवाला वाटला, मुलाला पळवून खंडणी मागायची असा बेत. जक्कलची कर्वे रोडला एक पत्र्याची खोली होती, तिथे त्याला नेलं. त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहवून घेतली, की मी घर सोडून जातोय. मग रात्री पेशवे पार्कात नेऊन मारलं, लोखंडी पिंपात घातलं, वर दगड भरले आणि तळ्यात सोडून दिलं. खंडणीची चिठ्ठी गेली ती त्यानंतर.

म्हणजे घरच्यांच्या हातात मुलाच्याच अक्षरातली चिठ्ठी. मुलगा कुठेतरी आहे, रागावून गेलाय, येईल, असं त्यांनी किती दिवस म्हटलं असेल? पिंप वर निघालं ते चौघं पकडले गेल्यावर. वर्षाहून जास्त काळ ते तिथेच होतं.

फुलराणी_६९
हे वाचून हात थांबला. माझं इथलं नावच त्या पार्कातल्या गाडीवरून घेतलंय. १९७६ च्या उन्हाळ्यात मी सात वर्षांची, दर रविवारी आम्ही फुलराणीत बसायचो. मग माकडं, वाघ, आणि तळ्याच्या कठड्याशी उभं राहून चुरमुरे खायचे. म्हणजे तेव्हा.

आईबाबा कधी बोलले नाहीत याबद्दल. मात्र १९७७ च्या उन्हाळ्यात आमचं पार्कात जाणं अचानक बंद झालं आणि रविवारी पर्वती सुरू झाली, हे आत्ता लक्षात येतंय. मी इतकी वर्षं समजत होते बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

शास्त्रीबुवा
या विषयावर लिहिणार नव्हतो, पण अभ्यंकरांचा उल्लेख नुसता 'बंगल्यातले वृद्ध गृहस्थ' असा होतो तेव्हा राहवत नाही.

काशिनाथशास्त्री अभ्यंकर. वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री. वासुदेवशास्त्र्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, सहा खंड. त्याचा सातवा, प्रस्तावनेचा खंड काशिनाथशास्त्र्यांनी लिहिला. संस्कृत व्याकरणातल्या पारिभाषिक शब्दांचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. आजही व्याकरण शिकणारा कुणीही, जर्मनीत असो की जपानमध्ये, 'अनुवृत्ति' किंवा 'परिभाषा' यांचा नेमका अर्थ पाहायला तो कोश उघडतो. सुधारलेली दुसरी आवृत्ती १९७७ मध्ये निघाली. ती पाहायला ते नव्हते.

माझ्या गुरुजींकडे तीच आवृत्ती होती. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हा माणूस कसा गेला ते तुला ठाऊक असेल. कसा जगला ते इथे बघ." चारशेहून अधिक पानं आहेत. मी अजून बघतोय.

वक्रतुंड
शास्त्रीबुवा, धन्यवाद. मी एफसी रोडवर तीन वर्षं काढली आणि हे नाव फक्त खुनाच्या संदर्भात ऐकलं होतं.

निनाद_परदेशस्थ
पेठकरकाका, सापडले कसे ते राहिलं. (तीन चुका मान्य. कुत्र्यांचं मी आतेभावाकडून ऐकलं होतं, त्याच्याशी आता बोलतो.)

पेठकर_जुना
मधे एक राहिलं, ते आधी. जोशी आणि अभ्यंकर यांच्या मधे, २२ नोव्हेंबरला, शंकरशेट रोडवर बाफनांच्या बंगल्यात हेच लोक शिरले होते. तिथे घरातल्या बाई आणि दोन नोकर यांनी त्यांना झुंज दिली. आरडाओरडा झाला आणि ही शूर मंडळी कुंपणाच्या तारांवरून उड्या टाकून पळाली. नऊ दिवसांनी अभ्यंकरांकडे गेली. पुढे आम्हाला शाळेत सांगायचे, ओरडा, जमेल तेवढं ओरडा. ते याच्यावरूनच.

आता पकडणं. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. गावात मिरवणुका, पेढे. २३ तारखेच्या रात्री त्यांच्याच ओळखीतल्या एका मित्राचा धाकटा भाऊ, गोखले, अलका टॉकीजपाशी भेटला. मोटरसायकलवर घरी सोडतो म्हणून त्याला त्या पत्र्याच्या खोलीत नेलं. मारून शिडीला बांधलं, दगड लावले आणि बंडगार्डनला नदीत टाकलं. मागच्या वेळी पिंप तळाशी राहिलं होतं ना, तोच हिशोब. पण नदीने ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, प्रेत येरवड्याच्या बाजूला वर आलं. दिल्लीत मोरारजींचा शपथविधी होता त्या दिवशी. आमच्या घरी रेडिओ लागलेला आणि गल्लीत ही बातमी.

तपास सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकरांकडे. पुन्हा नायलॉनची दोरी. आणि या वेळी मेलेला मुलगा कुणाबरोबर ऊठबस करायचा हे विचारायला शहरभर फिरायची गरज नव्हती. त्या टोळक्याला वेगवेगळं बसवून विचारलं तर त्या रात्रीचा जबाब एकाचा एक, दुसऱ्याचा दुसरा. ३० मार्चला अटक झाली. त्यांच्या मित्रांपैकी जे कच्चे होते ते बोलले, आणि तेव्हा हेगडेचंही कळलं.

मिसळखाऊ
म्हणजे मोठ्या मोठ्या तर्कांपेक्षा 'तू नऊ वाजता कुठे होतास' हाच प्रश्न कामाला आला.

पेठकर_जुना
हे वाक्य चालेल.

अ‍ॅडव्होकेट_माई
उशिरा आले. थोडं कायद्याचं, कारण या खटल्यातला सर्वात गैरसमज झालेला माणूस म्हणजे माफीचा साक्षीदार. त्याचं नाव घेत नाही, कुणी घेऊही नये. तो हेगडेच्या अपहरणात सामील होता, पुढच्या खुनांत नव्हता.

लोकांना वाटतं माफीचा साक्षीदार म्हणजे पोलिसांशी साटंलोटं करून सुटलेला. तसं नसतं. माफी न्यायालय देतं, पोलीस नाही, आणि अट असते ती संपूर्ण व खरं सांगण्याची. लपवाछपवी केली तर माफी जाते आणि खटला त्याच्यावरच चालतो. आधीच जामिनावर नसेल तर निकाल लागेपर्यंत तो तुरुंगातच राहतो. आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर सहसा कुणाला दोषी धरत नाहीत, कारण तोही गुन्ह्यातलाच. महत्त्वाच्या मुद्द्यांवर स्वतंत्र पुरावा जुळावा लागतो. इथे तळ्यातलं पिंप तेच काम करून गेलं. त्याने सांगितलं आणि तळ्याने दुजोरा दिला, असं आमचे सर शिकवताना म्हणायचे.

खटला मे १९७८ मध्ये उभा राहिला आणि २८ सप्टेंबर १९७८ ला न्यायाधीश वा. ना. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. साडेचार महिने! आज एवढ्या काळात आरोपनिश्चिती झाली तरी आम्ही पेढे वाटतो. एप्रिल १९७९ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली. मग दयेचे अर्ज आणि पुन्हा याचिका. १९८३ च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं होतं, की फाशी दोन वर्षांहून जास्त लांबली तर जन्मठेप करावी. पुढच्याच महिन्यात तीन न्यायमूर्तींनी ते मोडीत काढलं, असा वर्षांचा ठोकताळा लावता येणार नाही म्हणून. त्या वर्षी फाशीच्या कोठडीत असलेल्या प्रत्येकाचे डोळे त्या दोन निकालांवर असणार.

वक्रतुंड
माई, म्हणजे अटक ते फाशी साडेसहा वर्षं. आणि गावित बहिणी? १९९६ ला अटक, २००१ ला कोल्हापूरला फाशीची शिक्षा, २००६ ला सर्वोच्च न्यायालयात कायम, २०१४ ला राष्ट्रपतींनी दया नाकारली, आणि २०२२ ला उच्च न्यायालयात जन्मठेप. चिमुकल्या पोरांचे खून करून. माझं स्पष्ट मत, १९८३ ला जे झालं तेच बरोबर.

अ‍ॅडव्होकेट_माई
वक्रतुंड, तिथे जन्मठेप झाली ती गुन्हा कमी वाटला म्हणून नाही. दयेच्या अर्जावर सरकारी कागद वर्षानुवर्षं पडून राहिले म्हणून. रागवायचं तर फायलींवर रागवा. आणि गंमत बघा, तिथेही माफीचा साक्षीदार होता, एकीचा नवराच. तो नसता तर पोरांपर्यंत पोचणंच अवघड होतं.

निनाद_परदेशस्थ
सीरियल किलर म्हटलं की मला आधी रामन राघव आठवतो. तो मुंबईचा, पण शेवट पुण्यातच. १९६८ ला पकडला, फाशीची शिक्षा झाली, मग मनोरुग्ण ठरला म्हणून जन्मठेप. येरवड्यात राहिला आणि १९९५ ला ससूनमध्ये गेला. हे तरी बरोबर आहे ना काका?

पेठकर_जुना
बरोबर. शाबास. फक्त या चौघांना त्याच्या रांगेत बसवू नकोस. त्याला आवाज ऐकू यायचे. यांना फक्त पैसा हवा होता आणि मागे साक्षीदार नको होता. तेव्हा सीरियल किलर हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, आम्ही 'खूनसत्र' म्हणायचो.

मिसळखाऊ
येरवडा म्हणजे सगळ्या इतिहासाचं शेवटचं स्टेशन आहे. चापेकर तिथे, जनरल वैद्यांचे मारेकरी १९९२ ला तिथे, कसाब २०१२ ला तिथे. गांधीजीही तिथे, वेगळ्या कारणाने.

शास्त्रीबुवा
चापेकरांना या यादीत घालू नका हो.

मिसळखाऊ
इमारतीची यादी आहे बुवा, माणसांची नाही. पण तुमचं म्हणणं पोचलं.

वक्रतुंड
अवांतर होतंय, तरी विचारतो. चौघांपैकी एकाने तुरुंगात आत्मकथन लिहिलं. वाचलंय कुणी? माझ्या मित्राच्या मते त्यात खरा पश्चात्ताप आहे.

फुलराणी_६९
वाचलंय, कॉलेजात असताना, एका रात्रीत. पश्चात्ताप असेलही. मला खटकलं ते वेगळंच. पुस्तक संपल्यावर मला त्या लिहिणाऱ्या मुलाचं बालपण, आवडीनिवडी, सगळं ठाऊक झालं होतं. मेलेल्या दहा जणांपैकी एकाचंही तसं काही ठाऊक नव्हतं. आज शास्त्रीबुवांनी कोशाचं लिहिलं तेव्हा पहिल्यांदा एकाचं कळलं.

कुसुमची_लेक
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण सायलीचा दुसरा प्रश्न सगळे विसरले.

दहा जण. हेगडे एक, जोश्यांकडे तीन, अभ्यंकरांकडे पाच, गोखले एक. अभ्यंकरांचे पाच म्हणजे आजोबा, आजी, नात, नातू, हे चार झाले. पाचवी सकूबाई, त्यांच्याकडे कामाला असलेली. साठीची बाई.

माझी आई तेव्हा डेक्कनवर चार घरी कामाला जायची. जनवाडीतून चालत. ती सांगायची, १ डिसेंबरनंतर बंगल्यांतल्या बायका एकमेकींना धीर द्यायच्या, पोलीस फेऱ्या मारायचे, ग्रिलवाले यायचे. पण संध्याकाळची भांडी उरकून कामवालीने अंधारातून एकटीने घरी कसं जायचं, हे कुणी विचारलं नाही. शेवटी वस्तीतल्या बायकांनीच ठरवलं. सहा वाजता सगळ्यांनी कोपऱ्यावर जमायचं आणि एकत्र निघायचं. ज्या घरी उशीर होईल तिथली भांडी दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन घरांनी आईचा पगार कापला. एक घर होतं, तिथले आजोबा मात्र हातात काठी आणि टॉर्च घेऊन कोपऱ्यापर्यंत यायचे.

आई म्हणायची, "आमची एक गेली तिथं, पण पेपरात ती शेवटी असायची." नावं दोनच का, तर आडनावं घरमालकांची असतात म्हणून.

पेठकर_जुना
इतक्या वर्षांत मीही 'अभ्यंकरांकडचे पाच' एवढंच म्हणत आलो. नाव मला आज लिहून ठेवावं लागलं.

अ‍ॅडव्होकेट_माई
कोर्टाच्या कागदांत मात्र प्रत्येक खुनाचा आरोप वेगळा असतो आणि प्रत्येकाला नाव असतं. सकूबाईंसाठीही तेच कलम लागलं जे शास्त्रीबुवांच्या काशिनाथशास्त्र्यांसाठी लागलं. बाहेर आपण जे बोलतो त्यात ती गळते.

सायली_कर्वेनगर
सगळा धागा आज दुपारी आजीला मोठ्याने वाचून दाखवला. पेठकरकाकांच्या ग्रिलवाल्यांना ती हसली, "आमच्याकडेही तीन आठवडे थांबायला लावलं होतं मेल्याने." कुसुमची_लेक यांचा प्रतिसाद ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे यमुनाबाई होत्या. त्या हिवाळ्यात मी त्यांना चारलाच पाठवायचे. सासूबाईंना आवडायचं नाही, मग रात्रीची भांडी मी घासायचे. सासूबाई म्हणायच्या, एवढी कसली घाई त्यांना."

मी विचारलं, मग यमुनाबाईंचं पुढे काय झालं? तर म्हणाली, "काय होणार? होळीनंतर पुन्हा सहाला जायला लागल्या."

बाकी दोरीचं कुणीच सांगितलं नाही. कपडे चार दिवस खुर्च्यांवर वाळतायत.

मिसळखाऊ
रविवार पेठेत बोहरी आळीत जा. सुती दोरी मिळते, पिळाची जाड घे, काथ्याची नको, कपड्यांना डाग पडतात. आधी एक दिवस पाण्यात भिजवून ताणून वाळव, नाहीतर ओल्या चादरीने झोळी होते.

कुसुमची_लेक
आणि मधे एक खुंटी जास्तीची ठोक. आजींचा हात पुरेल एवढ्याच उंचीवर.